रंगात आणि सुरात : इथाकाच्या पक्षीवेड्यांची गोष्ट

मृग नक्षत्र जवळ आले की कोकणात, देशावर, विदर्भात पावशा ओरडू लागतो, आणि शेतकऱ्याला तो 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असे ऐकू येतो. हाच पक्षी उत्तर हिंदुस्थानात 'पी कहाँ' असे विचारतो, आणि उकाड्याने त्रासलेल्या इंग्रज साहेबाला तो 'ब्रेन फीव्हर' म्हणून टोचत असे. पक्षी एकच, त्याचे तीन चढते सूर तेच. पण ज्याच्या डोक्यात पेरणी आहे त्याला पेरणी ऐकू येते, ज्याच्या मनात विरह आहे त्याला विरह, आणि साहेबाच्या डोक्यात ताप!

इथे अमेरिकेतही तोच प्रकार. आपल्या घरामागच्या झाडीत रात्री घुमणारे बार्ड आऊल नावाचे घुबड 'हू कुक्स फॉर यू, हू कुक्स फॉर यू ऑल' असे विचारते म्हणतात. 'तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?' हा प्रश्न रात्री घुबडानेही विचारावा याची मला नेहमी गंमत वाटते. पांढऱ्या गळ्याची एक चिमणी न्यू इंग्लंडमध्ये 'ओल्ड सॅम पीबडी, पीबडी' म्हणते, तर सरहद्दीपलीकडे गेली की 'ओ स्वीट कॅनडा, कॅनडा' गाते. आवाज लक्षात ठेवायचा तर त्याला आपल्या भाषेतले शब्द लावायचे, ही युक्ती जगभर सारखी आहे.

पण शब्द म्हणजे आवाज नव्हे. मग पक्ष्याचा आवाज पकडून ठेवायचा कसा? आपल्याकडे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सात स्वर आणि सात प्राणी यांचे नाते सांगितले आहे : षड्ज मोराचा, पंचम कोकिळाचा, मध्यम क्रौंचाचा. ही परंपरा त्याच्याही आधीची. १९०४ साली अमेरिकेत शायलर मॅथ्यूज नावाच्या निसर्गप्रेमी चित्रकाराने याच्या उलट दिशेने प्रयत्न केला. त्याने रानपक्ष्यांची गाणी पाश्चात्त्य संगीताच्या पाच रेघांवर स्वरलिपीत उतरवली आणि पुस्तक छापले. पुस्तक सुंदर आहे. पण पक्षी काही पियानोच्या पट्ट्यांवर गात नाही. त्याचे सूर पट्ट्यांच्या मधल्या फटींतून घरंगळतात. त्याच्या मींडा आणि हरकती एवढ्या जलद असतात की आपल्या कानाला एक सूर ऐकू येतो तिथे प्रत्यक्षात आठ-दहा असतात. मॅथ्यूजचे पुस्तक वाचून पियानोवर तो पक्षी वाजवता येतो, रानात तो ओळखता येईलच असे नाही.

मधल्या काळात एडिसनचा फोनोग्राफ आला होता. पक्ष्याच्या आवाजाचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १८८९ सालचे, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे आहे. ते केले लुडविग कोख या लहान मुलाने, वडिलांनी आणून दिलेल्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर. आणि तो पक्षी कोणता? घरी पाळलेला हिंदुस्थानी शामा! आपल्या सह्याद्रीच्या दाट जंगलात, ओढ्याकाठच्या बांबूत गाणारा, काळ्या-तांबूस रंगाचा, लांब शेपटीचा शामा. हाच कोख पुढे ज्यू असल्यामुळे हिटलरच्या जर्मनीतून निसटून १९३६ मध्ये इंग्लंडला आला आणि बी.बी.सी.वरचा पक्ष्यांचा आवाज म्हणून घराघरांत पोचला. पण त्याची गोष्ट लंडनच्या मंडळींनी सांगावी. मला सांगायची आहे ती आपल्या जवळची, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावाची.

भारतातून आई-वडील आले की आपण सगळे त्यांना नायगारा दाखवायला नेतो. न्यू जर्सीकडून जाताना थोडी वाट वाकडी केली की केयुगा तलावाच्या टोकाशी हे इथाका लागते. कॉर्नेल विद्यापीठाचे गाव. तिथे १८७४ साली लुई अगासिझ फ्वेर्तेस जन्मला. वडील मूळचे पोर्तो रिकोचे, कॉर्नेलमध्ये स्थापत्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी मोठ्या हौसेने मुलाला एका विख्यात निसर्गशास्त्रज्ञाचे नाव ठेवले, पण मुलाने इंजिनीयर व्हावे असेच त्यांना वाटे. (ही इच्छा आपल्या वाचकांना परकी वाटू नये.) मुलाने काय करावे? एके दिवशी जिवंत घुबड आणून स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवले.

फ्वेर्तेस चित्रे तर काढायचाच, पण गातही असे. कॉर्नेलच्या गायकवृंदाबरोबर तो १८९४ साली वॉशिंग्टनला गेला आणि तिथे त्याची चित्रे एलियट कूज या त्या काळच्या बड्या पक्षीतज्ज्ञाच्या नजरेस पडली. कूजने त्याला उचलून धरले. पुढे १८९९ च्या हॅरिमन अलास्का मोहिमेत तो चित्रकार म्हणून गेला, आणि मग मेक्सिको, कोलंबिया करत आयुष्यभर हिंडला.

त्याच्या चित्रांत असे काय होते? त्याच्या आधीचे मोठे नाव ऑड्युबॉन. १८२७ ते १८३८ या काळात त्याने ४३५ चित्रांचा प्रचंड ग्रंथ काढला. पण ऑड्युबॉन पक्षी मारायचा, तारांनी ताणून हव्या त्या आविर्भावात बसवायचा आणि मग रंगवायचा. चित्रे भव्य, नाट्यमय. त्यातला एखादा पक्षी नाटकातल्या खलनायकासारखा उभा असतो. फ्वेर्तेसनेही नमुन्यासाठी पक्षी मारले, त्या काळी सगळेच मारत. पण मारण्याआधी तो तासन् तास त्यांच्याकडे पाहत असे, त्यांना ऐकत असे आणि शीळ घालून त्यांच्याशी बोलतही असे. फांदीवर निवांत बसलेल्या पक्ष्याची पिसे किती सैल असतात, शंका आली की मान कशी आखडते, हे सारे त्याच्या चित्रात उतरते. म्हणून त्याचा पक्षी गप्प असला तरी आत्ता बोलेल असा वाटतो. १९१३-१४ मध्ये त्याने 'बर्ड-लोअर' मासिकात उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांच्या आवाजांवर लेखमाला लिहिली. चित्रकाराने आवाजावर लिहावे हे मला फार सूचक वाटते. त्याच्या लेखी दोन्ही एकच विद्या होती.

फ्वेर्तेसची चित्रे केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहिली नाहीत. आपल्या फ्रिजमध्ये वास मारण्यासाठी आणि ढोकळ्यासाठी जो आर्म अँड हॅमर सोडा असतो ना, त्याच्या डब्यांबरोबर त्या काळी पक्ष्यांची छोटी चित्रपत्रे येत, त्यांतली काही मालिका फ्वेर्तेसने काढलेली. शिवाय शाळांत वाटल्या जाणाऱ्या ऑड्युबॉन संस्थेच्या पत्रकांवर त्याची चित्रे असत. जेम्सटाऊन गावच्या एका सातवीच्या शिक्षिकेने वर्गात अशी पत्रके वाटून चित्रे गिरवायला सांगितली. एका मुलाच्या वाट्याला ब्लू जे आला. त्या मुलाचे नाव रॉजर टोरी पीटरसन. तो पुढे येणारच आहे.

आता दुसरा नायक. आर्थर ॲलन कॉर्नेलमध्ये शिकला, १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच शिकवू लागला. १९१५ पासून तिथली पक्षीशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली असे मानतात, म्हणजे तिला शंभर वर्षे कधीच उलटली. १९०९ मध्ये गावाबाहेरच्या दलदलीच्या रानात फ्वेर्तेस, ॲलन आणि मित्रमंडळींना सॅपसकरचे घरटे सापडले. हा एक सुतार पक्षी. झाडाला ओळीने भोके पाडून पाझरणारा रस पितो. त्या भागात त्याचे घरटे सापडणे नवलाचे होते, म्हणून फ्वेर्तेसने त्या रानाचे नाव सॅपसकर वुड्स ठेवले. आज प्रयोगशाळा तिथेच आहे.

ऑगस्ट १९२७ मध्ये फ्वेर्तेस ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, मोठ्या मोहिमेवरून परतला होता. तिथे केलेली चित्रे एका जुन्या मित्राला दाखवून तो पत्नीसह मोटारीने घरी निघाला असताना युनाडिलाजवळच्या रेल्वे फाटकात गाडीची धडक बसली. फ्वेर्तेस जागीच गेला, पत्नी गंभीर जखमी झाली. वय अवघे ५३. मोटारीतून फेकली गेलेली चित्रे मात्र शाबूत राहिली. ती चित्रे त्याची सर्वोत्तम, असे जाणकार सांगतात.

दोनच वर्षांनी, मे १९२९ मध्ये, बोलपटवाल्या फॉक्स मूव्हीटोन कंपनीची माणसे ॲलनकडे आली. सिनेमाला नुकतीच वाचा फुटली होती. त्यांना गाणारे पक्षी हवे होते. इथाकाच्या तलावाकाठच्या बागेत यंत्रे मांडली आणि साँग स्पॅरो, हाऊस रेन आणि रोझ-ब्रेस्टेड ग्रोसबीक या तीन पक्ष्यांचे आवाज फिल्मच्या पट्टीवर उतरले. मोकळ्या रानपक्ष्यांचे अमेरिकेतले हे पहिले ध्वनिमुद्रण.

ॲलन आणि त्याचा तरुण सहकारी पीटर पॉल केलॉग यांना वेड लागले, पण पैसा नव्हता. तो आणला अल्बर्ट ब्रँडने. हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला दलाल. चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९२८ मध्ये, म्हणजे बाजार कोसळण्याच्या आदल्याच वर्षी, त्याने धंदा सोडला आणि पक्ष्यांचा विद्यार्थी म्हणून कॉर्नेलला आला. योग्य वेळी बाहेर पडणारे दलाल थोडे. त्यातून मिळालेला पैसा पक्ष्यांवर खर्च करणारा हा एकच असावा.

अडचण अशी की सूक्ष्म आवाजाबरोबर वारा, पाणी, मोटारी, सगळेच मायक्रोफोनमध्ये शिरायचे. त्यावर तोड निघाली ती मोठ्या परातीसारख्या अन्वस्त परावर्तकाची. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या विमानांची चाहूल घ्यायला असली उपकरणे वापरली गेली होती. परात पक्ष्याकडे रोखायची, तिच्या नाभीशी मायक्रोफोन ठेवायचा. दूरचा आवाज गोळा होऊन तिथे पडतो. कॉर्नेलच्या मंडळींनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पक्ष्यांसाठी बनवली. १९३४ मध्ये ब्रँडचे पुस्तक ध्वनिमुद्रिकांसह बाजारात आले. माणूस प्रथमच दिवाणखान्यात बसून रानपक्षी कानाने शिकू लागला.

आणि मग १९३५ ची मोहीम. दुर्मिळ होत चाललेल्या पक्ष्यांचे आवाज ते नाहीसे होण्याआधी टिपून ठेवायचे, असा बेत. ॲलन, केलॉग, जिम टॅनर हा विद्यार्थी आणि जॉर्ज सटन हा चित्रकार, जो स्वतः फ्वेर्तेसचा शिष्य होता. ब्रँड आजारपणामुळे जाऊ शकला नाही. मुख्य लक्ष्य होते आयव्हरी-बिल्ड वुडपेकर : हस्तिदंती चोचीचा, जवळजवळ कावळ्याहून मोठा, काळा-पांढरा, नराला लाल तुरा असलेला सुतार पक्षी. तो नामशेष झाला असे अनेकांचे मत होते. पण लुइझियानातल्या एका जुन्या जंगलात तो अजून आहे, असे तिथल्या लोकांचे म्हणणे होते.

या जंगलाचे नाव सिंगर ट्रॅक्ट. होय, तीच सिंगर कंपनी! आपल्या आजीच्या घरी पायटा मारून चालणारे जे शिवणयंत्र होते, त्या कंपनीने लाकडासाठी सुमारे ८० हजार एकर जंगल विकत घेऊन ठेवले होते. चिखल इतका की ध्वनियंत्रांचा ट्रक आत जाईना. शेवटी सगळी यंत्रे उतरवून शेतकऱ्याच्या गाडीवर चढवली, खेचरे जुंपली आणि दलदलीतून घरट्याजवळ नेली. एप्रिल १९३५ मध्ये परात घरट्याकडे रोखली गेली आणि तो आवाज फिल्मवर उतरला. आवाज काही गोड नाही. जत्रेतली पत्र्याची पिपाणी कुणी लहान मुलाने पुन्हा पुन्हा फुंकावी तसा तो आहे : 'केंट, केंट, केंट'. सटनने रेखाटने केली, ॲलनने छायाचित्रे काढली.

टॅनर पुढे १९३७ ते १९३९ या काळात त्याच पक्ष्याचा अभ्यास करत हिंडला. साऱ्या देशात मिळून सुमारे दोन डझन उरले असावेत, असा त्याचा अंदाज होता. १९३८ पासून त्या जंगलात कुऱ्हाडी चालू लागल्या. तोडीचे हक्क शिकागोच्या एका लाकूड कंपनीकडे होते. ऑड्युबॉन संस्थेने जंगल वाचवायचा प्रयत्न केला. युद्धकाळात लाकडाला भाव होता, कंपनी बधली नाही. एप्रिल १९४४ मध्ये संस्थेने डॉन एकेलबेरी या तरुण चित्रकाराला तिथे पाठवले. तोडलेल्या जंगलात उरलेल्या थोड्या झाडांत एक मादी होती. ती रोज संध्याकाळी आपल्या ढोलीत परतायची. एकेलबेरीने सुमारे दोन आठवडे तिच्या मागे राहून तिची रेखाटने केली. या पक्ष्याचे निर्विवाद असे ते शेवटचे दर्शन. शेवटचा साक्षीदार शास्त्रज्ञ नव्हता, चित्रकार होता.

२००५ च्या एप्रिलमध्ये हा पक्षी आर्कान्सामध्ये दिसल्याची बातमी कॉर्नेलने दिली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ती वर्तमानपत्रात वाचली असेल. त्यानंतरच्या शोधात रानात स्वयंचलित ध्वनियंत्रे टांगली, हजारो तास आवाज टिपले, आणि ते ताडून पाहायला हाताशी काय होते? खेचरांच्या गाडीवर नोंदवलेली १९३५ ची ती पिपाणी. सर्वांना पटेल असा पुरावा मात्र मिळाला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने २१ प्रजाती नामशेष म्हणून घोषित केल्या, त्यात आधी प्रस्तावित असूनही याचे नाव घातले नाही. निर्णय राखून ठेवला. मला विचाराल तर पक्षी गेला. पण शोधणाऱ्यांना मी हसणार नाही.

आता तो ब्लू जेवाला मुलगा. पीटरसन १७ वर्षांचा असताना, १९२५ मध्ये, न्यूयॉर्कला पक्षीतज्ज्ञांच्या सभेत फ्वेर्तेसला भेटला आणि फ्वेर्तेसने त्याला एक कुंचला भेट दिला. १९३४ मध्ये, म्हणजे ब्रँडच्या ध्वनिमुद्रिका आल्या त्याच वर्षी, पीटरसनचे 'फील्ड गाइड' निघाले. अनेक प्रकाशकांनी नाकारलेले. शेवटी निघाल्या त्या २००० प्रती, आणि त्या बघता बघता संपल्या. त्याची चित्रे फ्वेर्तेससारखी जिवंत नाहीत, मुद्दामच सपाट आहेत. पण ओळखीच्या खुणेवर बाण दाखवलेला : हा पाहा शेपटीवरचा पांढरा पट्टा, ही पाहा डोळ्यावरची रेघ. बंदुकीवाचून, दुर्बिणीतून पक्षी ओळखणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १९५९ मध्ये कॉर्नेलने पीटरसनच्या पुस्तकाच्या क्रमाने लावलेल्या तबकड्या काढल्या. एका हातात चित्र, कानात आवाज. आपल्याकडे सलीम अलींचे 'बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ चे; आणि मराठी वाचकाला पक्ष्यांची आणि त्यांच्या रानातल्या नावांची गोडी लावली ती मारुती चितमपल्लींनी. २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा इथे राहूनही घरातले कुणी गेल्यासारखे वाटले.

१९६६ मध्ये दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींमागे चँडलर रॉबिन्स हा एकच माणूस होता. पहिली, त्याचे 'गोल्डन गाइड'. त्यात आर्थर सिंगरच्या चित्रांशेजारी पक्ष्याच्या आवाजाचेही चित्र छापले होते. आवाज यंत्रात घातला की कागदावर उमटणारा आलेख. डावीकडून उजवीकडे काळ, खालून वर सुराची उंची. शायलर मॅथ्यूजला पाच रेघांत जे पकडता आले नव्हते, ते इथे काळ्या रेघोट्यांत दिसू लागले. दुसरी, देशभरातल्या पक्ष्यांची वार्षिक मोजणी. स्वयंसेवक सूर्योदयाआधी अर्ध्या तासाने सुरुवात करतो, साडेचोवीस मैलांच्या ठरलेल्या रस्त्यावर ५० ठिकाणी थांबतो, प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटे. जूनमध्ये झाडे पानांनी गच्च असतात, पक्षी दिसतात कमी. मोजणी मुख्यतः कानाने होते. म्हणजे ज्यांनी आवाज पाठ केले त्यांच्याच भरवशावर हा सारा हिशेब.

तो हिशेब २०१९ मध्ये 'सायन्स' मासिकात आला. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ ३०० कोटी पक्षी कमी झाले, दर शंभरातले २९. गवताळ रानांतले तर निम्म्याहून अधिक गेले. रॉबिन्स २०१७ मध्येच वारला होता. त्याच्या मोजणीचा हा निकाल त्याला पाहावा लागला नाही.

आलेखामुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. पीटर मार्लर या शास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोंची गाणी टिपली, तेव्हा थोड्या थोड्या मैलांवर बोली बदलते असे दिसले. दर बारा कोसांवर भाषा बदलते ती अशी! पिल्लू जन्मल्यानंतरच्या साधारण पहिल्या पन्नास दिवसांत थोरांचे जे ऐकते, तीच बोली त्याची होते. एकट्याने वाढवले तर बेंगरूळ काहीतरी पुटपुटते. कोकिळेचे पिल्लू मात्र कावळ्याच्या घरात वाढूनही 'कुहू'च म्हणते. त्याला कुणी शिकवावे लागत नाही. रविवारी सकाळी मराठी शाळेला यायला कुरकुरणारी आपली पिल्ले यांतल्या कोणत्या जातीची, ते पालकांनी ठरवावे.

कॉर्नेलच्या मर्लिन या मोफत ॲपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आली आहे. गंमत अशी की फोन खऱ्या अर्थाने ऐकत नाही. तो आवाजाचा आलेख काढतो आणि त्या चित्राकडे पाहून, चेहरा ओळखावा तसा, पक्ष्याचे नाव सांगतो. मे महिन्यात पहाटे साडेपाचला मागच्या अंगणात फोन धरून उभे राहा. दहा मिनिटांत डझनभर नावे येतात. दोन-तीन चुकीची असतात, ती प्रत्यक्ष पाहून गाळायची. आणि इथाकाला गेलात तर सॅपसकर वुड्समधल्या इमारतीची एक भिंत जरूर पाहा. २०१५ मध्ये जेन किम या चित्रकर्तीने तिच्यावर जगाचा नकाशा रंगवला आणि त्यावर २४३ पक्षिकुळांतला प्रत्येकी एक पक्षी, खऱ्या आकाराचा, हाताने काढला. मुलांना आपल्या देशाच्या जागी कोणते पक्षी आहेत ते शोधायला सांगा. तेवढ्यात तुमचा चहा होतो.